गाण्याचा सातबारा: डॉली पार्टन यांचे गाणे, पडदा आणि डॉलीवूड

‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ हे गाणे आपल्याकडे बहुतेकांनी ऐकलेले असते ते व्हिटनी ह्यूस्टन यांच्या आवाजात. १९९२ च्या ‘द बॉडीगार्ड’ या चित्रपटातले, सुरुवातीला एकाही वाद्याची साथ न घेता उचललेले ते गाणे अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड हॉट १००’ यादीत १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि त्यानंतर जगभरच्या गायनस्पर्धांमध्ये किती जणींनी त्यावर हात आजमावला, याची गणती नाही. हे गाणे त्याआधी सुमारे वीस वर्षे, १९७३ मध्ये, टेनेसी राज्यातल्या डोंगराळ मुलखातून आलेल्या एका कंट्री गायिकेने लिहिले होते, चालही तिचीच होती आणि ते तिने स्वतः गाऊन गाजवलेही होते, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. त्या गायिकेचे नाव डॉली पार्टन. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडील खेड्यापाड्यांत वाढलेले, गिटार, बँजो आणि फिडलच्या साथीने साधी गोष्ट सांगत जाणारे संगीत, एवढे येथे पुरे.

डॉलीबाईंची कारकीर्द सांगताना लोक सहसा यादी वाचतात: इतके अल्बम, इतके चित्रपट, इतके दूरदर्शन कार्यक्रम आणि वर डॉलीवूड हा स्वतःच्या नावाचा एक थीम पार्क. यादी वाचून माणूस थक्क होतो, पण त्याला काही उमगत नाही. एक गायिका चित्रपटात गेली, हे समजण्यासारखे आहे. पण गाण्यांपासून निघालेला रस्ता थेट रोलरकोस्टरपर्यंत कसा पोहोचतो, हा प्रश्न यादीने सुटत नाही. माझ्या मते त्याचे उत्तर आपल्या ओळखीच्या एका कागदात आहे. जमीन कसतो कोण, यापेक्षा सातबारा कोणाच्या नावावर आहे, हे आपण आधी पाहतो. डॉलीबाईंच्या प्रत्येक व्यवसायात तोच प्रश्न विचारत गेले, की बाकीचा गुंता बराचसा मोकळा होतो.

ही उपमा मी ओढूनताणून आणलेली नाही. डॉली यांचा जन्म १९ जानेवारी १९४६ रोजी टेनेसीच्या पूर्व भागातील सेव्हियर काउंटीत, लिटल पिजन नदीकाठच्या एका खोलीच्या लाकडी घरात झाला. बारा भावंडांत त्यांचा क्रमांक चौथा. बाळंतपणाला आलेले डॉक्टर रॉबर्ट थॉमस यांची फी वडिलांनी मक्याच्या पिठाचे पोते देऊन भागवली. वडील रॉबर्ट ली पार्टन आधी दुसऱ्याच्या जमिनीवर बटाईने राबत आणि पुढे त्यांनी स्वतःची छोटी शेती केली. त्यांना लिहितावाचता येत नव्हते, पण व्यवहारात ते पक्के होते, असे डॉली नेहमी सांगतात. बटाईदाराच्या घरात वाढलेल्या मुलीला वाटा म्हणजे काय, हे वकिलाकडून शिकावे लागले नसावे, असा आपला माझा तर्क आहे.

आता गाण्याकडे येऊ. एका गाण्यात मालकीच्या दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि या दोहोंची सरमिसळ झाली, की पुढचे काहीच कळत नाही. पहिली गोष्ट म्हणजे रचना, अर्थात शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे ध्वनिमुद्रण, अर्थात अमुक गायकाने अमुक दिवशी स्टुडिओत गाऊन ठेवलेली प्रत. ध्वनिमुद्रणाची मालकी बहुधा रेकॉर्ड कंपनीकडे असते. रचनेची मालकी सुरुवातीला ती रचणाऱ्याकडे असते. परंतु ती सांभाळणे, इतर गायकांना ते गाणे घ्यायला लावणे आणि पैसे वसूल करणे ही कामे संगीत-प्रकाशक करतो. त्याबद्दल परंपरेने रचनेच्या उत्पन्नाचे दोन समान भाग होतात: निम्मे लिहिणाऱ्याचे, निम्मे प्रकाशकाचे. म्हणजे येथेही बटाईच.

डॉली १९६४ मध्ये शाळेची शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी नॅशव्हिल या कंट्री संगीताच्या राजधानीला निघाल्या. त्यांचे मामा बिल ओवेन्स हे स्वतः गीतकार होते आणि भाचीला लहानपणापासून गाण्याच्या कार्यक्रमांना तेच घेऊन जात. या मामा-भाचीने १९६६ मध्ये ‘ओवेपार’ नावाची प्रकाशन कंपनी काढली. ओवेन्समधला ‘ओवे’ आणि पार्टनमधला ‘पार’. नॅशव्हिलमध्ये गाणी लिहून रोख पैशांसाठी ती विकून टाकणारे गुणी लोक तेव्हा पुष्कळ होते. वीस वर्षांच्या मुलीने प्रकाशकाचा वाटाही घरातच ठेवायचा ठरवावे, ही गोष्ट वाटते तितकी लहान नव्हती. पुढे त्यांनी ‘व्हेल्व्हेट ॲपल म्युझिक’ ही संपूर्ण स्वतःची प्रकाशन कंपनी उभी केली.

या हट्टाची कसोटी एल्विस प्रेस्ली यांच्यामुळे लागली. ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ १९७४ मध्ये कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेले आणि एल्विस यांना ते गावेसे वाटले. अमेरिकेच्या कायद्यात एक सोय आहे: एखादे गाणे एकदा ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आले, की कायद्याने ठरवलेल्या दराने शुल्क भरून कोणालाही ते स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करता येते. तेव्हा तो दर प्रत्येक प्रतीमागे २ सेंट होता. एल्विस यांचे व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर यांना मात्र एवढ्यावर समाधान नव्हते. एल्विस गाणार असतील, तर प्रकाशनहक्कातला निम्मा वाटा आपल्याला मिळाला पाहिजे, असा त्यांचा शिरस्ता होता. डॉली यांनी नकार दिला आणि त्या रात्री आपण रडलो, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. त्या क्षणी शहाणपण कोणत्या बाजूला होते, हे सांगणे खरोखरच अवघड होते. एल्विस यांच्या एका रेकॉर्डवर मिळणारा निम्मा वाटादेखील मोठी रक्कम झाली असती.

त्यानंतर त्या गाण्याचे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. १९८२ मध्ये ‘द बेस्ट लिटल होअरहाउस इन टेक्सस’ या चित्रपटासाठी डॉली यांनी ते पुन्हा गायले आणि तेच गाणे दुसऱ्यांदा कंट्री यादीत पहिले आले. मग १९९२ मध्ये ‘द बॉडीगार्ड’. चित्रपटात गाणे वापरण्यासाठी कायद्याने बांधलेला दर नसतो. हक्कधारकाशी वाटाघाट करूनच परवानगी घ्यावी लागते. शिवाय अमेरिकेत एक चमत्कारिक नियम आजही चालू आहे: साध्या रेडिओ केंद्रावर गाणे वाजले, की पैसे रचनाकाराला आणि प्रकाशकाला मिळतात, गायकाला किंवा रेकॉर्ड कंपनीला मिळत नाहीत. म्हणजे ह्यूस्टन यांचा तो आवाज अमेरिकेतल्या एखाद्या रेडिओ केंद्रावरून ज्या ज्या वेळी घुमला, त्या त्या वेळी मानधन जमा झाले ते डॉली पार्टन यांच्या नावावर, आणि दोन्ही वाट्यांचे. त्या कमाईत एल्विस यांचा ग्रेसलँड हा वाडा विकत घेता आला असता, असे डॉलीबाई गमतीने म्हणतात. त्याच उत्पन्नातून त्यांनी नॅशव्हिलमधील कृष्णवर्णीयांच्या एका वस्तीत दुकानांचे छोटे संकुल विकत घेतले आणि व्हिटनीने बांधलेले घर म्हणून त्या त्याकडे पाहतात.

दूरदर्शनचा भाग थोडा मागे जाऊन सांगावा लागतो, कारण त्यांची पहिली ओळख रेकॉर्डपेक्षा पडद्याने करून दिली. वयाच्या दहाव्या वर्षी त्या नॉक्सव्हिल शहरात कॅस वॉकर या किराणा दुकानांच्या साखळीच्या मालकाने चालवलेल्या कार्यक्रमात गाऊ लागल्या. घरात दूरदर्शन संच येण्याआधी मी स्वतः दूरदर्शनवर होते, हे त्यांचे सांगणे विनोद म्हणून मजेदार आहेच, पण शब्दशः खरेही आहे. १९६७ मध्ये त्यांना ‘द पोर्टर वॅगनर शो’ मध्ये नियमित जागा मिळाली. हा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ‘सिंडिकेशन’ पद्धतीने चाले. मोठी वाहिनी एकच कार्यक्रम एका ठरावीक वेळी देशभर दाखवते. सिंडिकेशनमध्ये निर्माता तयार झालेले भाग गावोगावच्या स्वतंत्र केंद्रांना सुटे विकतो आणि प्रत्येक केंद्र आपल्या सोयीच्या वेळी ते दाखवते. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या वाहिन्यांना ज्या प्रेक्षकाची फारशी पर्वा नव्हती, त्या दक्षिणेतल्या आणि मध्यभागातल्या लहान गावांच्या प्रेक्षकापर्यंत कंट्री संगीत या मागच्या दाराने पोहोचले. चकचकीत सूट घालणारे वॅगनर आणि उंच केशरचना केलेल्या डॉली ही जोडी शंभराच्या आसपास शहरांत दर आठवड्याला दिसू लागली. आधीच्या लोकप्रिय गायिकेच्या जागी आलेल्या या मुलीला सुरुवातीला प्रेक्षकांनी फारसे स्वीकारले नाही, हेही नोंदवले पाहिजे. वॅगनर यांनी तिच्यासोबत युगुलगीते गाऊन तिला रुळवले.

याच काळातला एक कागदाचा तुकडा माझ्या फार आवडीचा आहे. दौऱ्याच्या बसमधून जात असताना डॉली यांना एक गाणे सुचले. आईने चिंध्या जोडून शिवलेल्या कोटाचे, तो घालून शाळेत गेल्यावर मुलांनी केलेल्या कुचेष्टेचे. हाताशी कागद नव्हता, म्हणून वॅगनर यांच्या सुटाला अडकवलेल्या ड्रायक्लीनिंगच्या पावतीच्या मागे त्यांनी ते लिहून काढले. ‘कोट ऑफ मेनी कलर्स’ हे ते गाणे १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि वॅगनर यांनी ती पावती नंतर चौकटीत बसवून घेतली. ही पावती लक्षात ठेवावी, कारण याच गाण्यावर २०१५ मध्ये एनबीसी वाहिनीने दूरदर्शनपट केला, तो एक कोटीहून अधिक लोकांनी पाहिला, पुढच्या वर्षी त्याचा दुसरा भाग आला आणि तशाच कोटाची प्रतिकृती डॉलीवूडच्या संग्रहात जाऊन बसली. एकाच आठवणीचे गाणे, पट आणि प्रदर्शन अशी तीन रूपे झाली आणि तिन्हींच्या मुळाशी असलेली रचना तिच्याच मालकीची राहिली. ‘एकात्मिक मनोरंजन व्यवसाय’ अशा जड शब्दांत जे सांगितले जाते, ते प्रत्यक्षात असे दिसते.

वॅगनर यांच्यापासून १९७४ मध्ये वेगळे होणे सोपे नव्हते. ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ हे प्रेमभंगाचे गाणे समजले जाते, पण ते मुळात या गुरुतुल्य सहकाऱ्याचा निरोप घेण्यासाठी लिहिलेले होते. निरोप गोड झाला तरी हिशेब कडू निघाला. १९७९ मध्ये वॅगनर यांनी ३० लाख डॉलरचा दावा लावला आणि तो शेवटी न्यायालयाबाहेर मिटला. पुढे दोघांचे संबंध पुन्हा जुळले.

स्वतःच्या नावाचे दूरदर्शन कार्यक्रम मात्र डॉलीबाईंना लाभले नाहीत आणि त्यांच्या चाहत्यांनी लिहिलेल्या लेखांत हा भाग सहसा घाईने उरकला जातो. १९७६ मध्ये सुरू झालेला ‘डॉली!’ हा सिंडिकेटेड कार्यक्रम एका हंगामात आटोपला; दगदगीने त्यांच्या आवाजावर ताण आला होता आणि ज्या प्रकारचे पाहुणे व सादरीकरण त्यांच्या गळ्यात बांधले गेले, ते त्यांच्या स्वभावाचे नव्हते. १९८७ मध्ये एबीसी वाहिनीने प्रचंड रकमेचा करार करून पुन्हा ‘डॉली’ नावाचा भव्य कार्यक्रम आणला. सुरुवातीच्या भागांत बाई फेसाने भरलेल्या न्हाणीच्या टबमधून प्रेक्षकांशी बोलत. पहिला भाग लोकांनी भरभरून पाहिला, मग प्रेक्षक गळत गेले आणि हाही कार्यक्रम एका हंगामात बंद पडला. गाणी, प्रहसने आणि पाहुणे यांची मिसळ असलेला हा प्रकार तोवर अमेरिकेत जुना झाला होता, हे एक कारण. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते: वॅगनर यांच्या कार्यक्रमात डॉली डोंगरातली मुलगी होती, वाहिनीच्या कार्यक्रमात ती हॉलिवूडने कल्पिलेली डोंगरातली मुलगी झाली, आणि प्रेक्षकाला हा फरक लगेच कळतो.

चित्रपटात त्या उशिरा, चौतिसाव्या वर्षी आल्या, पण पहिलाच चेंडू सीमेपार गेला. बोस्टनमध्ये १९७३ साली कार्यालयीन कामकाज करणाऱ्या स्त्रियांनी कमी पगार आणि साहेबांची अरेरावी यांविरुद्ध ‘नाइन टु फाइव्ह’ नावाची संघटना बांधली होती. त्या चळवळीवरून अभिनेत्री जेन फोंडा यांना चित्रपटाची कल्पना सुचली आणि त्यांनी स्वतः, लिली टॉमलिन आणि डॉली पार्टन अशा तिघी घेऊन ‘नाइन टु फाइव्ह’ केला. तो डिसेंबर १९८० मध्ये प्रदर्शित झाला आणि त्याने अमेरिकेतच १० कोटी डॉलरहून अधिक धंदा केला. चित्रपट कसा करतात, याची कल्पना नसल्याने डॉलीबाईंनी स्वतःचेच नव्हे, तर सगळ्यांचे संवाद पाठ करून नेले होते. मात्र करारात त्यांची एक अट होती: शीर्षकगीत त्याच लिहिणार.

ते गीत चित्रीकरणाच्या जागीच तयार झाले. दोन दृश्यांमध्ये प्रकाशयोजना बदलेपर्यंत कलाकारांना ताटकळत बसावे लागते. त्या वेळात त्या आपली लांब ॲक्रिलिकची नखे एकमेकांवर घासत आणि त्यातून निघणारी टकटक त्यांना टाइपरायटरसारखी वाटे. त्या ठेक्यावर ओळी जुळत गेल्या. सकाळी उठून स्वयंपाकघरात धडपडत जाण्यापासून ते साहेबाने आपले श्रेय लाटण्यापर्यंतचा नोकरदार बाईचा दिवस त्यात आला. ध्वनिमुद्रणात त्यांनी खरोखरच नखे वाजवली आणि रेकॉर्डच्या श्रेयनामावलीत वाद्यांच्या जोडीला त्या नखांचाही उल्लेख झाला. हे गाणे १९८१ मध्ये कंट्री आणि सर्वसाधारण अशा दोन्ही याद्यांत पहिले आले, त्याला दोन ग्रॅमी मिळाल्या आणि ऑस्करचे नामांकनही मिळाले. चित्रपटातल्या भूमिकेचे मानधन एकदाच मिळते; या गाण्याचे उत्पन्न मात्र चित्रपट जुना झाल्यावरही चालूच राहिले, आणि २००९ मध्ये तो विषय ब्रॉडवेच्या रंगभूमीवर संगीतिका होऊन आला, तेव्हा तिची सगळी नवी गाणीही त्यांनीच लिहिली.

पुढचे चित्रपट समान दर्जाचे नाहीत. सिल्व्हेस्टर स्टॅलोन यांना गायक बनवण्याचा खटाटोप असलेला १९८४ चा ‘ऱ्हाइनस्टोन’ समीक्षकांनी झोडपला आणि तो झोडपण्यासारखाच होता, तरी त्यातले ‘टेनेसी होमसिक ब्लूज’ कंट्री यादीत पहिले आलेच. १९८९ च्या ‘स्टील मॅग्नोलियाज’ मधली गावातल्या ब्यूटी पार्लरची मालकीण ट्रूव्ही ही मला त्यांची सर्वांत सहज भूमिका वाटते. दुसऱ्याच्या केसांना हात लावता लावता त्याच्या घरचे सगळे काढून घेणारी अशी बाई प्रत्येक गावात असते. पडद्यामागे तर त्याहून मोठे काम चालू होते. १९८६ मध्ये व्यवस्थापक सँडी गॅलिन यांच्यासह त्यांनी ‘सँडॉलर’ ही निर्मितिसंस्था काढली. एड्सने मृत्यू पावलेल्यांच्या स्मरणार्थ शिवलेल्या गोधडीवरील ‘कॉमन थ्रेड्स’ या तिच्या माहितीपटाला ऑस्कर मिळाले, आणि ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ हा चित्रपट व नंतरची मालिकाही याच संस्थेच्या सहभागाने झाली. त्या मालिकेच्या तरुण प्रेक्षकांपैकी कितीजणांना यात डॉली पार्टन यांचा हात आहे, हे माहीत असेल?

आता थीम पार्क. गैरसमज असा असतो, की डॉलीबाईंनी मोकळ्या माळावर आपल्या नावाची जत्रा उभारली. खरे तर पिजन फोर्ज या गावातल्या त्या जागेवर १९६१ पासून काही ना काही चालूच होते. पहिले नाव ‘रेबेल रेलरोड’: वाफेच्या इंजिनाची छोटी गाडी, तिच्यावर होणारा लुटुपुटीचा हल्ला आणि अमेरिकी यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या बाजूचा उमाळा. मग ‘गोल्डरश जंक्शन’ झाले, मालक बदलले आणि १९७६ मध्ये हर्शेंड कुटुंबाने ते घेतले. मिसुरी राज्यातल्या ब्रॅन्सनजवळ एक गुहा पर्यटकांना दाखवण्यापासून सुरुवात करून त्यांनी ‘सिल्व्हर डॉलर सिटी’ हा जुन्या कारागिरीचा पार्क उभा केला होता. टेनेसीतल्या जागेलाही त्यांनी तेच नाव दिले. आपल्या डोंगरात काहीतरी उभारायचे आहे, असे डॉली त्या काळात मुलाखतींतून बोलू लागल्या होत्या. शेजारी स्पर्धक म्हणून डॉली पार्टन उभी राहण्यापेक्षा भागीदार म्हणून आलेली बरी, हे हर्शेंड मंडळींनी ओळखले आणि ३ मे १९८६ रोजी तोच पार्क ‘डॉलीवूड’ म्हणून उघडला. आपल्या वकिलांनी आणि हिशेबनिसांनी या कल्पनेला विरोध केला होता, असे डॉलीबाई सांगतात. नंतर ते सल्लागार त्यांच्याकडे राहिले नाहीत.

या भागीदारीची रचना नीट समजून घेतली पाहिजे. तारेतारका आपले नाव भाड्याने देतात, म्हणजे ठरावीक शुल्क घेऊन अत्तरावर किंवा हॉटेलावर नाव लावू देतात. धंदा बुडाला तर त्यांचे काही जात नाही आणि फोफावला तरी फार काही मिळत नाही. डॉलीबाईंनी वाटा घेतला. रुळांची देखभाल, पाळण्यांची सुरक्षितता, तिकिटांचे दर, हंगामी कामगारांची भरती ही रोजची कटकट हर्शेंड कंपनीने सांभाळायची, कारण ते तिचे पिढीजात काम. डॉलीबाईंनी नाव, गाणी, घरची गोष्ट आणि ठरावीक दिवशी प्रत्यक्ष उपस्थिती द्यायची. गाण्याच्या बाबतीत बटाई नाकारणारी बाई येथे आपणहून वाट्याला तयार झाली, ही विसंगती वाटेल, पण हिशेब सरळ आहे. गाणे लिहायला तिला दुसऱ्या कोणाची गरज नव्हती. रोलरकोस्टर चालवायला होती.

जागेचे भाग्यही थोडके नाही. पिजन फोर्ज हे सुमारे सहा हजार वस्तीचे गाव, पण ते ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानाच्या वाटेवर आहे. अमेरिकेतल्या साठहून अधिक राष्ट्रीय उद्यानांत सर्वाधिक वर्दळ याच उद्यानात असते. अलीकडच्या वर्षांत तेथे दरवर्षी १ कोटी २० लाखांहून अधिक भेटी नोंदल्या जातात आणि प्रवेशशुल्क तर नाहीच. म्हणजे फुकट डोंगर पाहायला आलेले, मोटारीने प्रवास करणारे आणि मुले कंटाळलेली असलेले कुटुंब डॉलीवूडच्या दारावरूनच जाते. अशा ठिकाणचा धंदा केवळ दाराच्या तिकिटावर चालत नाही. वार्षिक पास घेतलेला स्थानिक माणूस पुन्हा पुन्हा येतो आणि दर खेपेला खातो. आलेले कुटुंब एक दिवसाऐवजी तीन दिवस राहिले, तर खरी कमाई होते. म्हणूनच २००१ मध्ये शेजारी जलक्रीडा पार्क, २०१५ मध्ये ‘ड्रीममोर’ आणि २०२३ मध्ये ‘हार्टसाँग’ ही हॉटेले अशी वाढ होत गेली. आज पार्कला वर्षाकाठी सुमारे ३० लाख लोक येतात, आणि सेव्हियर काउंटीत सर्वाधिक लोकांना काम देणारी संस्था तीच आहे.

आत गेल्यावर जे दिसते, ते मात्र डिस्नेसारखे परीकथेचे राज्य नाही. पाणचक्कीत दालचिनीचा गरम पाव भाजला जातो आणि त्यासाठी रांग लागते. लोहार भाता चालवतो, काच फुंकणारा काच फुंकतो, कठड्यापलीकडे जायबंदी गरुड सांभाळलेले असतात. ज्या डॉक्टरांची फी पिठाच्या पोत्याने दिली, त्यांच्या नावाचे छोटे प्रार्थनाघर आहे. आणि जुन्या ‘रेबेल रेलरोड’ ची ती गाडीही आहे: अलास्काच्या अरुंद रुळांवर राबलेली तिची इंजिने, त्यांतले एक दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी बांधलेले, वर्षानुवर्षे दगडी कोळशावर चालत आली आहेत. चढावर इंजिन धापा टाकू लागले, की धुरातून कोळशाचे कण उडून प्रवाशांच्या केसांत आणि डोळ्यांत जातात, म्हणून गाडी सुटण्याआधी त्याची सूचनाही दिली जाते. विजेवर किंवा डिझेलवर गाडी चालवणे नक्कीच स्वस्त पडले असते; पण डोळ्यात गेलेला तो कण ही आठवण ठरते, हे त्या धंद्यातल्या लोकांना चांगले कळते.

सगळेच निर्दोष होते, असे नाही. १९८८ मध्ये सुरू झालेल्या ‘डिक्सी स्टॅम्पीड’ या जेवणासह घोड्यांच्या खेळात प्रेक्षकांना यादवी युद्धातले उत्तर आणि दक्षिण असे दोन गट पाडून बसवले जाई. गुलामगिरीचा विषय बाजूला सारून त्या काळाची अशी गंमत करण्यावर टीका झाली आणि २०१८ मध्ये ‘डिक्सी’ हा शब्द, म्हणजे गुलामगिरीच्या काळाची आठवण करून देणारे दक्षिणेचे टोपणनाव, नावातून काढला गेला. या शब्दाने कोणी दुखावले जाईल, हे आपल्या ध्यानात आले नव्हते, हे डॉलीबाईंनी मान्य केले. ध्यानात यायला तीस वर्षे लागली, हेही येथे म्हटले पाहिजे.

पार्कच्या पैशातून जे उभे राहिले, त्यातले एक काम येथे सांगण्याजोगे आहे. १९९५ मध्ये त्यांनी सेव्हियर काउंटीतल्या मुलांसाठी ‘इमॅजिनेशन लायब्ररी’ सुरू केली: जन्मापासून पाचव्या वाढदिवसापर्यंत प्रत्येक नोंदणीकृत मुलाच्या नावाने दर महिन्याला एक पुस्तक टपालाने, विनामूल्य. पुढे स्थानिक संस्थांनी खर्चाचा वाटा उचलायचा आणि निवड व वितरणाची यंत्रणा डॉलीबाईंच्या प्रतिष्ठानने पुरवायची, अशा पद्धतीने योजना कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि आयर्लंडपर्यंत गेली आणि वाटलेल्या पुस्तकांची संख्या २० कोटींच्या पलीकडे पोहोचली. येथेही जुळणी पार्कचीच आहे. नाव आणि यंत्रणा एकाची, जागेवरचे काम स्थानिकांचे. मुले आपल्या लेकीला ‘बुक लेडी’ म्हणतात, याचे निरक्षर वडिलांना फार कौतुक वाटे. त्याच वडिलांविषयीची दुसरी आठवण सेव्हियरव्हिलच्या न्यायालयासमोर १९८७ मध्ये बसवलेल्या डॉलींच्या पुतळ्याची आहे: रात्री गाडीत साबणाच्या पाण्याची बादली आणि झाडू घालून ते गुपचूप जात आणि कबुतरांनी घाण केलेला लेकीचा पुतळा घासून येत.

डॉलीवूडमध्ये सर्वाधिक वेळ लोक एका लहानशा लाकडी घरापाशी रेंगाळतात. पार्टन कुटुंब ज्या डोंगरातल्या घरात वाढले, त्याची ही प्रतिकृती; याच घराचे छायाचित्र १९७३ च्या ‘माय टेनेसी माउंटन होम’ या अल्बमच्या वेष्टनावर होते. प्रतिकृती डॉलींचे भाऊ बॉबी यांनी बांधली आणि आतली मांडणी आई एव्ही ली यांनी केली. दाराशी उभे राहून आत डोकावायचे: भिंतींना चिकटवलेली वर्तमानपत्रे, एका खोलीत दाटीवाटीने मांडलेले पलंग, चुलीजवळची भांडी. बारा मुले येथे कशी झोपत असतील, याचा हिशेब प्रत्येकजण मनातल्या मनात करतो आणि पुढे सरकतो. मूळ घर तेथून काही मैलांवर लोकस्ट रिजच्या उतारावर आहे. ती जागा कुटुंबाच्या हातून गेली होती. डॉलीबाईंनी ती परत विकत घेतली, घराची डागडुजी करून घेतली आणि त्याचे तिकीट मात्र लावलेले नाही, कारण तेथे पर्यटकांना प्रवेशच नाही.